ताईची जांभळं आणि माझी नजर

माझ्या बहिणीची तुरीची डाळ शिजायची आणि माझी शिजायची नाही, एवढ्या एका गोष्टीवरून मी तिच्यावर कैक वर्षं जळले. आता लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. तेव्हा अकोल्याच्या घरात चुलीपुढे बसून मी डाळीकडे बघत असे आणि डाळ माझ्याकडे बघत असे, दोघीही सारख्याच कडक.

दोष डाळीचा नव्हता, पाण्याचा होता. आमच्या विहिरीचं पाणी खारं. त्यात साबणाला फेस येत नसे, केस धुतले की दोरखंड व्हायचे, आणि डाळीचा दाणा दाणाच राहायचा. गोडं पाणी दुरून आणावं लागे, ते पिण्यापुरतं. स्वयंपाकाला ते वापरलं तर सासूबाई म्हणत, "सूनबाई, डाळीले गंगास्नान घालून राहिली काय?"

आणि तिकडे परतवाड्याच्या पुढे, जिथे मेळघाटाकडे घाट चढू लागतो त्या जंगलखात्याच्या नाक्यावर, माझी मोठी बहीण सरकारी क्वार्टरात राहत होती. तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर झरा. त्या पाण्यात डाळ नुसती दाखवली तरी विरघळायची. हे मला तिनेच सांगितलं होतं, मी विचारलं नसताना.

खरं सांगायचं तर या जळण्यावर माझा काही हक्कच नव्हता. ताईला तो रेंजर बघायला आला तेव्हा सगळ्यांत जास्त हसले होते ती मी. एकोणीसशे पन्नासच्या दशकाचा शेवट असेल. आम्ही अमरावतीत राहत होतो, वडील शाळामास्तर. पाहुणे बैठकीत बसलेले, ताई पोहे घेऊन गेलेली, आणि मी दाराआड उभी. वडिलांनी त्या माणसाला विचारलं, "तुमच्याकडे शेजार कसा आहे?" तो माणूस जरा विचार करून म्हणाला, "सागाचा आहे. खाली नाल्याकडे जांभूळ."

मी पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाले. ताई आत आली तशी तिला म्हटलं, "तुले शेजारीण म्हणून झाडच भेटून राहिलं वं. हळदीकुंकवाले कोनाले बोलावशील? सागाले?"

ताई शांतपणे कपबशा विसळत म्हणाली, "साग माह्या चुगल्या तर करणार नाई."

तिचं लग्न झालं. पुढच्या वर्षी माझं झालं, अकोल्याच्या वकिलाशी. काळा कोट, पुस्तकांनी भरलेली कपाटं, दाराशी पक्षकारांच्या बैलगाड्या. टांग्यातून उतरताना मी अशी उतरत असे की जणू खटला मीच जिंकून आले आहे. पहिली दोन वर्षं मी ताईची जाहीर कीव केली. "बिचारी आमची ताई," असं मी शेजारणींना सांगायची, "अस्वलांत दिवस काढते." शेजारणी च्‌ च्‌ करायच्या आणि मला फार बरं वाटायचं.

मग एका श्रावणात मी तिच्याकडे गेले, आणि सगळा खेळ बिघडला.

मूर्तिजापूरला मोठ्या आगगाडीतून उतरून लहान रुळांच्या गाडीत बसायचं. ती इतकी सावकाश चाले की डब्यातल्या बाया शेतात निंदणाऱ्या बायांशी अख्खं बोलणं पुरं करत. ती गाडी संपली की परतवाडा, आणि पुढे मोटार. मोटार शेवटच्या वळणाशी आली आणि मी बाहेर बघितलं. डोळ्यांना सवयच नव्हती. अकोल्याला हिरवं म्हणजे कपाशी, तीही गुडघ्याएवढी. इथे हिरवं मान वर करून बघावं लागत होतं.

नाल्याच्या काठाने जांभळांची रांग होती. जुनी, भरदार झाडं. त्यांच्या मुळांतून तो झरा निघून दगडी डोणीत पडायचा, आणि नाक्यावरची चार-पाच घरं त्यावर जगायची. ताई तिथे घागर लावून उभी राही, तेव्हा तिच्या अंगावर पानांची सावली हलत असे. मी तिच्याशेजारी उभी राहिले तर सावली माझ्याही अंगावर पडली असती. पण मला ते सुचलं नाही. मला एवढंच सुचलं की ही सावली तिची आहे.

शिवाय तिच्या कमरेला किल्ली होती. भाऊजींच्या घरात एक लोखंडी पेटी होती आणि पेटीत हातोडा. हातोड्याच्या तोंडावर सरकारी ठसा. बुंध्याजवळची साल तासून हा ठसा मारला की ते झाड तोडायचं. ठसा नसेल तर ठेकेदाराला एक काटकीही हलवता येत नसे. भाऊजी दिवसभर रानात, हातोडा हरवला तर नोकरी जायची, म्हणून पेटीची किल्ली ताईकडे. दसऱ्याला ती हातोड्याला हळदकुंकू वाहायची. आमच्या घरात धान्याच्या कोठीची किल्लीसुद्धा सासूबाईंच्या कमरेला होती. मी मनात हिशेब मांडला: मी वकिलाची बायको, आणि माझ्याकडे आमटीचा डाव. ही रानातली, आणि हिच्याकडे अख्खं जंगल.

भाऊजी जेवताना म्हणाले, "मेव्हणीबाई, कसं वाटून राहिलं आमचं रान?"

मी म्हटलं, "बरं आहे. जरा ओलं आहे."

परत येताना मी जांभळाचं एक रोप मागून घेतलं. अकोल्याला मागच्या अंगणात लावलं आणि विहिरीच्या पाण्यावर वाढवू लागले. पानं कडेनं तपकिरी झाली, मग तो तपकिरीपणा आत सरकत गेला, कागद पेटतो तसा. चार महिन्यांत काडी उरली. सासूबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "रानातलं झाड कोर्टात आणलं. जामीन नाई भेटला त्याले." वकीलसाहेब हसले. मी त्या काडीवर राग काढला आणि ती चुलीत घातली.

एकोणीसशे साठचं दशक अर्धं सरलं आणि लागोपाठ दोन वर्षं पावसाने पाठ फिरवली. आमच्याकडे ज्वारी कणसात येण्याआधीच वाळली. विहिरीतलं पाणी खाली गेलं तसं अजून खारट झालं. चहा केला तर तो औषधासारखा लागे. अमरावतीहून वडील आले, त्यांनी सहज सांगितलं, "औंदा मेळघाटातही फार वाईट आहे म्हणतात. रान वाळून चाललंय."

मी चेहरा दुःखी केला. आतून मात्र कुणीतरी माझ्या कानात पिपाणी वाजवली. वैशाखात मी वकीलसाहेबांना म्हटलं, "ताईला भेटून येते. तिच्यावर वेळ आली आहे, अशा वेळी आपलं माणूस हवं."

वकीलसाहेब फायलीतून मान न काढता म्हणाले, "अशिलाच्या हितासाठी आलो असं सांगणाऱ्या साक्षीदाराची मी फार उलटतपासणी घेतो. पण जा."

मोटारीतून मी बघितलं तेव्हा माझं पोट भरलं. डोंगर तांबडा. झाडं उघडी, नुसते खांब. जमिनीवर वाळलेल्या पानांचा थर, चाकाखाली चुरचुर वाजत होता. ताई नाक्यावर घ्यायला आली होती. मी तिचे दोन्ही हात धरले आणि अगदी कोर्टात शोभेल अशा आवाजात म्हणाले, "ताई, सगळंच मेलं गं."

"काय मेलं?"

"रान."

ताईने माझ्याकडे बघितलं, मग त्या खांबांकडे बघितलं, आणि पिशवी हातातून खाली ठेवून हसत सुटली. नाक्यावरचे वनरक्षक, नाकेदार, जवळच उभे होते, त्यांनी तोंड दुसरीकडे केलं. "अवं बावळे," ताई म्हणाली, "सागाची पानं दर उन्हाळ्यात गळतात. तू आजवर श्रावणातच आली, तुले काय माईत."

मी म्हटलं, "ते मला माहीत आहे." खोटं होतं. मला माहीत नव्हतं. ज्या जंगलावर मी इतकी वर्षं जळत होते ते उन्हाळ्यात कसं दिसतं हे विचारायचंही मला कधी सुचलं नव्हतं. मत्सर करणाऱ्याने निदान माहिती तरी पुरी काढावी.

संध्याकाळी भाऊजींनी खिशातला चाकू काढून अंगणापलीकडच्या सागाची साल नखाएवढी खरवडली. आत हिरवं होतं, ओलसर. "पाहा मेव्हणीबाई. झोपून राहिलं आहे. मेलं नाई."

सगळं सुखरूप आहे हे ऐकून मी उपाशी राहिल्यासारखी झाले. पण त्या रात्रीच्या जेवणात ताईची भाकरी अर्धीच राहिली, आणि मला लगेच आशा वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी कळलं. सागाची काळजी नव्हती. काळजी होती जांभळांची. जांभूळ वर्षभर हिरवं राहणारं झाड. ते असं उघडं पडत नाही. पण नाल्यावरच्या रांगेची पानं गळत होती, शेंडे वाळत होते, मोहोर आला तसाच झडून गेला होता. वरून हुकूम आला होता की नाक्याच्या आसपासची दुष्काळाने वाळत चाललेली झाडं पावसाळ्याआधी ठसा मारून ठेकेदाराला द्यायची, म्हणजे लाकूड वाया जाणार नाही. मोठे साहेब चार दिवसांनी स्वतः येणार होते. त्यांच्यासमोर रांगेवर ठसा पडायचा होता.

"पडू दे," मी म्हटलं. "दुसरी लावा."

ताई डोणीजवळ घागर लावून उभी होती. पाणी करंगळीएवढं येत होतं. "जांभळं गेली का सावली गेली," ती म्हणाली. "सावली गेली का हे पाणी गेलं. पाणी गेलं का ह्या नाक्यावर कोन राहीन? आमाले परतवाड्यात पाठवतीन. ह्यांचं रान सुटलं तर हे कसे राहतीन, ते मलेच माईत."

मी तिच्याकडे बघितलं. ताई परतवाड्याच्या एखाद्या गल्लीत, नळावर भांडताना. इतकी वर्षं मी हेच तर मागत होते. ते समोर आलं आणि मला अचानक प्रश्न पडला की मग मी जळायचं कशावर. माझी सगळी घडी त्या झऱ्यावर बसवलेली होती.

तरी स्वभाव जातो का? एक पान खाली पडलं होतं, ते मी उचललं. तपकिरी. माझ्या मनात एकदम उजेड पडला: खारं पाणी! माझ्या अंगणातलं रोप असंच गेलं होतं. म्हणजे ताईचं पाणी खारं झालं. मी इतकी खूश झाले की ताई घागर घेऊन वळण्याची वाट बघितली, मग डोणीत ओंजळ बुडवली आणि पाणी तोंडात घोळवलं. गोडच. मी पुन्हा एकदा घेतलं, जरा जास्त. आणखी गोड. असं गोड पाणी मी त्यानंतर कधी प्यायले नाही, आणि तेव्हा ते प्यायला मला जितका त्रास झाला तितका अकोल्याच्या पाण्याचाही झाला नव्हता.

निराश होऊन मी ते पान पुन्हा बघू लागले. आणि आता नीट बघितलं, कारण माझ्या अंगणातल्या रोपाशी ते जुळत नव्हतं. त्या रोपाची पानं कडेनं जळत आत गेली होती. इथे कडा हिरव्या होत्या. मधल्या भागात, शिरा सोडून, मोहरी फुटून उडावी तसे बारीक तपकिरी ठिपके. तेही फक्त वरच्या अंगावर. पान उलटं केलं तर खालची बाजू स्वच्छ. मी झाडाखाली गेले आणि फांद्या ओढून बघू लागले. कोवळी पानं बरी होती, जुनी ठिपकलेली. आणि जिथे एका पानावर दुसरं पान टेकलेलं होतं तिथे, वरचं पान उचललं की खालच्यावर त्याची हिरवी आकृती तशीच. बांगड्या काढल्यावर मनगटावर गोरा पट्टा राहतो, तशी.

पाणी कमी पडलं तर पान असं रंगत नाही, हे मला अकोल्याने शिकवलं होतं. आमच्याकडे तहानलेली झाडं रोज बघायला मिळत. ती दुपारी मान टाकतात, पहाटे उचलतात, मग पान पिवळं करून सोडून देतात. हे काही वेगळं होतं. वरून काहीतरी पडत होतं आणि ते सावलीत पोचत नव्हतं.

मी नाल्याच्या वळणाकडे बघितलं. तिथे ठेकेदाराच्या कोळशाच्या भट्ट्या लागल्या होत्या. ताईने आल्याबरोबर सांगितलं होतं की त्या या हिवाळ्यात नाल्यावर आल्या, कोळसा विझवायला पाणी लागतं म्हणून. मातीने लिंपलेले ढिगारे, आठ-आठ दिवस धुमसणारे. सकाळी तो धूर नाल्यातच साचून राहायचा, आणि दिवसभर वर आग ओकणारं ऊन.

दुपारी मी ताईला सांगितलं, "टेंभरं वेचून आणते," आणि त्या रानफळांसाठी टोपली घेऊन डोंगराच्या वरच्या धारेवर गेले. तिथे तीन-चार जांभळं होती, कुठल्याशा पक्ष्याने बी टाकून लागलेली, खडकावरची, खुरटी. त्यांना पाण्याचा थेंब नव्हता. पानं लहान, माना टाकलेल्या. पण स्वच्छ. एक ठिपका नव्हता. धूर इथवर चढतच नव्हता. मी तिथे उन्हात उभी राहून दोन्हीकडची पानं हातात धरून बघत होते आणि मला इतका आनंद झाला होता की टेंभरं वेचायची राहून गेली. मला आता ताईच्या जांभळांची काही पडली नव्हती. मला दिसत होतं ते एवढंच: रात्रीचं जेवण, भाऊजी ताटावर बसलेले, आणि मी शांतपणे ही पानं त्यांच्यापुढे ठेवते आहे. रेंजरला जे दिसलं नाही ते वकिलीणबाईंना दिसलं. ताई वाढायची विसरते. असा सगळा देखावा मी वाटेने रंगवत आले.

रिकामी टोपली बघून ताई म्हणाली, "टेंभरं?"

मला राहवलं नाही. जेवणापर्यंत थांबायचं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नसे. अजूनही राहत नाही. मी दोन्ही पानं तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, हातवारे करून, मध्ये मध्ये "समजलं ना तुले" असं म्हणत.

ताईने पानं उलटसुलट केली. नखाने ठिपका खरवडून बघितला. मग ती पानं पदराच्या टोकाला बांधली आणि भाकरी थापायला बसली. मी म्हटलं, "माझी पानं दे." ती म्हणाली, "झाडाची आहेत."

भाऊजी त्या दिवशी आलेच नाहीत. पलीकडच्या डोंगराला वणवा लागला होता. ते तिसऱ्या रात्री आले, डोळे लाल, भुवया जळालेल्या, आणि येताच झोपले. उठले ते साहेब यायच्या सकाळी.

"किल्ली दे," ते म्हणाले.

ताई कणीक मळत होती. "अगोदर पानं पाहून या."

"कोनती पानं?"

"नाल्यावरची. मग धारेवरची."

"पाह्यली मी. दुष्काळ आहे."

"धारेवर तर जास्त दुष्काळ आहे. तिथची काहून चांगली?"

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. "कोनं सांगितलं तुले हे?"

ताईने पदराची गाठ सोडून ती पानं त्यांच्या हातात दिली. तोवर ती सुकून गेली होती, पण ठिपके दिसत होते. "साहेब आले तर मी चहा देते. चहा झाल्यावर भजी करते. तुमी जाऊन या."

"हातोडा पेटीत आहे आणि साहेब दारात येऊन राहिले. लोक काय म्हणतीन? रेंजरच्या बायकोनं किल्ली देली नाई?"

"म्हणू द्या. किल्ली हरवली म्हणा. माह्याकडूनच हरवली म्हणा."

मी दाराआड उभी होते, जशी अमरावतीला उभी होते. माझ्या आयुष्यात मी वकीलसाहेबांना एवढ्या आवाजात मीठसुद्धा मागितलं नव्हतं. आणि ती कणकेचे हात न धुता सरकारला अडवून बसली होती, माझ्या पानांच्या जोरावर. मला पुन्हा जळायला नवं निमित्त मिळालं.

भाऊजी टोपी घालून गेले. साहेबांची जीप आली, चहा झाला, भजी झाली, दुसरा चहा झाला. भाऊजी धापा टाकत धारेवरून उतरले आणि साहेबांना नाल्यावर घेऊन गेले. आम्ही दोघी मागे, डोक्यावर पदर. भाऊजी फांदी वाकवून एका पानावरून दुसरं पान उचलून दाखवत होते, खालची हिरवी आकृती. साहेबांनी चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. भट्ट्यांकडे बघितलं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "साहेब, धूर तर कायमच राहते रानात." साहेब म्हणाले, "पण इतका जवळ, इतके दिवस, आणि वरून हे असं ऊन, हे कायम नसतं."

त्यांनी हुकूम फिरवला असं नाही. साहेब लोक असं करत नाहीत. ते म्हणाले, ठसा आत्ता थांबवा, पावसाळ्यानंतर बघू, आणि भट्ट्या तोवर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला न्या. पाणी गाडीने आणा. ठेकेदाराच्या माणसाचं तोंड माझ्या अंगणातल्या रोपासारखं झालं.

मग साहेबांनी विचारलं, "हे कोणाच्या लक्षात आलं?"

भाऊजी म्हणाले, "घरातून."

साहेब ताईकडे वळले. "बाई, तुमची नजर चांगली आहे."

ताईने क्षणभरही न थांबता म्हटलं, "माझी नाही साहेब. हिची. ही माझी बहीण."

सगळे माझ्याकडे बघू लागले. हाच तो क्षण, जो मी वाटेने रंगवत आले होते. साहेब म्हणाले, "वा. तुम्ही नेमकं काय बघायला गेला होतात तिकडे?"

साधा प्रश्न. काय सांगणार? माझ्या बहिणीचं पाणी खारं झालं का ते चाखायला गेले होते, साहेब? तिचं काहीतरी वाळलं असेल तर डोळे भरून बघावं म्हणून आले होते? मी खाली बघून म्हटलं, "सहज."

साहेब हसले. मग भाऊजींना, मला ऐकू येईल इतक्या आवाजात, म्हणाले, "तुमच्या मंडळी मोठ्या मनाच्या दिसतात. श्रेय धाकट्या बहिणीला देऊन टाकलं."

म्हणजे नजरही ताईची चांगली ठरली, आणि मनही ताईचंच मोठं ठरलं. मी तिथे उभी असताना, माझ्या देखत, माझंच होतं ते घेऊन तिचं दुप्पट झालं. ताई मान खाली घालून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती.

भट्ट्या गेल्या. सगळी जांभळं काही वाचली नाहीत. वळणाजवळची, जी धुरात आकंठ बुडाली होती, ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खोडापासून वाळली आणि त्यांच्यावर ठसा पडलाच. झऱ्याच्या डोक्यावरची तगली. शेंडे वाळलेले तसेच राहिले, पण खालून नवी पालवी फुटली. पाणी एक-दोन वर्षं करंगळीएवढंच आलं, मग हळूहळू वाढलं. ताई आणि भाऊजी त्याच नाक्यावर राहिले.

माझी नात झाडांचंच शिकली आहे. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती एकदम उठून बसली. म्हणाली, आजी, नुसता धूर नसेल तो. धूर आणि कडक ऊन मिळून हवेत एक वायू तयार होतो, ओझोन. पानाच्या वरच्या अंगावर असे ठिपके तोच पाडतो. नक्की काय होतं ते आता सांगता यायचं नाही, पण शक्य आहे. मी विचारलं, मग धारेवरच्या तहानलेल्यांना का नाही लागला? ती म्हणाली, तिथे धूरच कमी असेल. आणि दुसरं म्हणजे, पानांना बारीक तोंडं असतात. पाणी कमी असलं की झाड ती मिटून घेतं. ज्याला पाणी भरपूर त्याची उघडी राहतात, आणि हवेतलं विषही तेच जास्त ओढतं.

"म्हणजे जे सुखात असतं," मी म्हटलं, "त्यालाच जास्त बाधतं?"

"आजी, तुला एवढा आनंद कशाचा होतोय?" नात म्हणाली.

त्या उन्हाळ्यात, साहेब येऊन गेल्यावर, मी अकोल्याला निघाले त्या दिवशी भाऊजी मोटारीपर्यंत आले होते. पिशवी वर चढवली आणि म्हणाले, "मेव्हणीबाई, पुढच्या उन्हाळ्यातही या. झाडं पाहायला."

मी म्हटलं, "मला कशाला? तुमचं डोळ्यांत तेल घातलेलं घर आहे की."

"आमच्या घरातल्या नजरेत माया आहे," भाऊजी म्हणाले. "मायेले रोग दिसत नाई. तुमच्यासारखी नजर पाहिजे, थोडी वाईट."

म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. ताईने सांगितलं की त्यांचं त्यांनीच ओळखलं, ते मी कधी विचारलं नाही. मोटार सुटेपर्यंत मी दुसरीकडे बघत बसले.

पण गेले. पुढच्या वैशाखात गेले, त्याच्या पुढच्याही. अधिकृत आमंत्रण होतं ना. सकाळी उठून मी नाल्यावर जायची, पदर खोचून एकेक फांदी ओढायची, पानं उलटी करून बघायची, आणि मनात म्हणायची, यंदा तरी काही सापडू दे. कधी किडीने खाल्लेलं पान सापडे, कधी वाळका शेंडा. मग मी तो विजयाने भाऊजींना नेऊन दाखवायची आणि ते गंभीरपणे ऐकून घ्यायचे. एका वर्षी शोधशोधूनही काहीच सापडलं नाही. झाडं नुसती हिरवीगार उभी होती. त्या वर्षी मी ताईच्या चहाला नावं ठेवली आणि परत आले.